ताईची फांदी, माझी फांदी

ताई फळीवरून आली तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. खांबांवर उभ्या आमच्या दोन घरांमध्ये ही एक फळी, खाली समुद्र. एरवी ताई मध्येच थांबते, खाली होड्यांतून दंगा करणाऱ्या पोरांना दोन शिव्या हासडते, पानाची पिंक टाकते आणि मग येते. त्या दिवशी थांबली नाही. कमरेचं सारोंग ओलंचिंब, केसांतून पाणी निथळतंय आणि हातात प्रवाळाची एक फांदी.

"नवरा कुठाय तुझा?"

"समुद्रावर. का गं?"

"का म्हणे! हे बघ आधी."

मी फांदी हातात घेतली. एक बाजू तपकिरी, जिवंत, बोटाला बुळबुळीत लागणारी. दुसरी बाजू पांढरीफटक, नुसतं हाड.

"आपल्या प्रवाळाच्या बागेतली आहे," ताई म्हणाली. "आणि ही एकच नाही. सगळ्या चौकटींवर असंच सुरू झालंय. कुणीतरी औषध मारतंय, हापसा. आणि ह्या गावात औषध मारायची अक्कल कुणाला आहे, ते मी तुला सांगायला नको."

औषध म्हणजे गुंगीचं. बाटलीत पाण्यात कालवायचं, बुडी मारायची, खडकाच्या फटीत पिचकारी मारायची, की आत दडलेला हेकरू मासा गरगरत बाहेर येतो. जिवंत हेकरू शहरातल्या हॉटेलांना हवा असतो. पण त्या फटीभोवतीचं प्रवाळ पांढरं पडून मरतं. माझा नवरा रुस्दीन लग्नाआधी हेच करायचा. तोगियान बेटांकडच्या त्याच्या गावात तेव्हा सगळेच करायचे. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं होतं आणि आपल्या पाण्यातल्या भावंडाची शपथ घेऊन सोडलं होतं. आमच्यात मूल जन्मलं की त्याची वार समुद्रात सोडतात, ती म्हणजे त्या मुलाचं थोरलं भावंड. तिच्या नावानं कुणी खोटं बोलत नाही.

"त्यानं शपथ घेतलीय," मी म्हटलं.

"घेतली असेल. त्याचं भावंड तिकडे तोगियानच्या पाण्यात. ह्या पाण्यात त्याचं कोण आहे?"

"मी आहे ना!"

"तू पाण्यात नाहीस, माझ्यासमोर उभी आहेस आणि उगाच तोंड वर करून बोलतेयस." ताईनं फांदी माझ्या हातातून हिसकावून घेतली. "शुक्रवारी नमाज झाली की मी गावप्रमुखाला सांगणार. त्याचं काय ते गाव बघेल. तू माझ्याकडे राहायला ये."

त्याचं काय होणार ते तिलाही माहीत होतं, मलाही. बागेत औषध मारताना जो सापडेल त्याचं घर उतरवायचं, फळ्या आणि खांब त्याच्याच होडीत भरायचे आणि त्याला गावाबाहेर काढायचं, हा नियम गावानं केला होता. नियम करताना सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणणारी ताईच होती. रुस्दीन गेला तर मी कुठे जायचं? ताईनं मला आईच्या मागे वाढवलं. तिला सोडून तोगियानला जायचं की नवऱ्याला सोडून फळीपलीकडे जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तो सोमवारीच माझ्या उंबऱ्यात येऊन बसला.

बाग म्हणजे गावासमोरचा उथळ तुकडा. पूर्वी तिथे सुरुंग लावून मासे मारले, त्यामुळे खाली नुसता चुरा उरला होता. मग जिल्ह्याच्या गावाहून यूस्रानसाहेब, आमच्या बोलीत पाक यूस्रान, आले, बोटभर दाढीवाले, पोहायला आमच्यापेक्षा कच्चे पण माणूस चांगला. त्यांनी लोखंडी सहापायी चौकटी आणल्या, वाळू चिकटवलेल्या. बायकांनी प्रवाळाच्या फांद्या त्यावर बांधायच्या आणि चौकटी खाली उतरवायच्या. पुढचं काम समुद्राचं.

"दोन फांद्यांमध्ये एक वीत सोडा," यूस्रान म्हणाले होते.

"वीतभर?" ताई म्हणाली. "पाक, आमच्यात बहिणी-बहिणींची घरं एवढी लांब बांधली, तर लोक विचारतात, भांडण झालं का. एकाच जातीचं प्रवाळ आहे ना हे?"

"एकाच जातीचं आहे. पण..."

"मग राहू दे की खेटून. एकटं वाटायचं बिचाऱ्यांना."

सगळ्या बायका खो-खो हसल्या. यूस्रानही हसले आणि चहा प्यायला गेले. ताईनं पश्चिमेच्या खडकावरून फांद्या आणल्या होत्या, मी पूर्वेच्या कडेवरून, दोघींनीही एकेकाच झुडपाच्या. ठेवल्या शेजारी शेजारी तर कुठली कुणाची ओळखू येणार नाही, तोच तपकिरी रंग, तीच निळसर टोकं. म्हणून ताईनं तिच्या निळ्या दोरीनं बांधल्या, मी काळ्या. एक तिची, एक माझी, फांदीला फांदी लावून. पहिल्याच दिवशी चौकटी इतक्या भरगच्च दिसल्या की पलीकडच्या आळीतल्या बायका जळून खाक झाल्या.

रुस्दीन संध्याकाळी आला तो खुशीत. होडीच्या बाजूला बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात दोन हेकरू होते, जिवंत, चांगले मोठे. एरवी मी उड्या मारल्या असत्या. त्या दिवशी मी वरूनच पिंजऱ्याकडे बघत राहिले.

"गळाला लागले?" मी विचारलं.

"मग काय माझ्या रूपाला भुलून आले?"

तो अंग धुवायला गेला आणि मी होडीत उतरले. गळाला लागलेल्या माशाच्या तोंडात जखम असते. औषधानं धरलेल्याचं तोंड कोरं. एका हेकरूचं तोंड दाबून उघडलं. ओठाच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं. बरं वाटलं. दुसऱ्याचं उघडलं, तर काही दिसेना. पुन्हा बघितलं. जिभेखाली काहीतरी लालसर होतं, पण जखम म्हणावी असं नाही, नाही म्हणावं असंही नाही. तेवढ्यात त्यानं शेपटीनं माझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि वर रुस्दीनचं पाऊल वाजलं.

"काय करतेस खाली?"

"पिंजऱ्याची गाठ सैल होती."

जेवताना मी त्याला ताईचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, नाहीतर गावातून कळलं असतं. तो जेवायचा थांबला. बोटांना लागलेला भात तसाच.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"मला काय वाटायचंय? ताईचं डोकं फिरलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला आणि पुन्हा जेवायला लागला. मी इतकं सहज खोटं बोलले ह्याचंच मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फळीवरून ताईकडे गेला आणि दोघं असे भांडले की अर्धा गाव आपापल्या ओट्यांवर येऊन उभा राहिला.

"ताई, काय बघितलंत ते सांगा! मला बाटली घेऊन जाताना बघितलंत?"

"चोर काय ढोल वाजवत जातो होय?"

"चोर कुणाला म्हणता? तुमच्या घराचं छप्पर ह्याच हातांनी शाकारलं!"

"म्हणून काय माझी बाग मारशील?"

"तुमची बाग? हापसाची नाही का ती? मी माझ्या बायकोची बाग मारीन?"

"तुझं तुला माहीत!"

तो परत आला तेव्हा कपाळाची शीर ताड ताड उडत होती, पण तो मोकळा दिसत होता. "मनातलं बोललो एकदाचं," म्हणाला आणि जाळं ओढून बसला. मी मात्र घरात फिरत राहिले. चूल पेटवली, विझवली. वाळत घातलेले मासे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. जाळ्याचं एक भोक विणायला घेतलं आणि विणून झाल्यावर बघते तर दोन थर एकमेकांना शिवून ठेवलेले. रुस्दीन ते बघून म्हणाला, "आता ह्यात मासा शिरेल, पण बाहेर येणार नाही. तुझ्या मनासारखंच." मला हसू आलं नाही. मी मनात हिशेब मांडत होते, तो गेल्या महिन्यात किती वेळा एकटा गेला, कुठल्या दिशेनं, येताना केस कोरडे होते की ओले. जो माणूस समोर बसून थट्टा करतोय, त्याच्या केसांचा मी हिशेब मांडत होते.

बुधवारी तो बाजाराला गेला. त्याची होडी किनाऱ्याच्या टोकाआड झाली आणि मी लहान होडी काढली. कुणी विचारलं तर खेकडे आणायला चालले असं सांगणार होते. कुणी विचारलं नाही, तरी समोरच्या म्हातारीला मी आपणहून ओरडून सांगितलं, "खेकडे आणायला चाललेय हो!" तिनं नुसतं बघितलं.

बागेवर बुडी मारली आणि पांढरं दिसलं तेवढं बस झालं. चौकटीमागून चौकट पांढरी. माझा श्वास पुरेना, वर आले, होडीची कड धरून लटकले आणि मला रडू फुटलं. म्हणजे ताई खरं बोलली. मनात नको ते सगळं आलं. शुक्रवारच्या आत त्याला पळवून लावावं असंही आलं. मग त्याचा राग आला, मग ताईचा. परत आले ती खेकड्यांशिवाय आणि म्हातारीनं विचारलंच, "मिळाले का गं?"

रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे एक गोष्ट डोक्यात आली आणि ती तिथून हलेना. पांढऱ्या फांद्यांच्या आसपास काहीतरी हलत होतं. मी घाबरून वर आले होते, पण डोळ्यांनी बघितलं होतं. निळे, बोटभर मासे. औषध मारलं की आधी तेच मरतात.

गुरुवारी रुस्दीन गळ टाकायला गेला आणि मी पुन्हा निघाले. ह्या वेळी म्हातारीला काही सांगितलं नाही. खाली गेले, पहिल्या चौकटीचा पाय धरला आणि नीट बघितलं. मासे होते. फांद्यांच्या आत-बाहेर धावत होते, माझ्या बोटांना टोचत होते. एका माशालाही काही झालेलं नव्हतं.

मग फांद्या बघितल्या. पांढरं होतं, पण वाटेल तिथे नव्हतं. निळ्या दोरीची फांदी जिथे काळ्या दोरीच्या फांदीला टेकत होती, बरोबर तिथे होतं. त्यांच्या समोरासमोरच्या बाजू मेलेल्या, मागच्या बाजू ठणठणीत. वर येऊन श्वास घेतला, खाली गेले, दुसरी चौकट. तेच. तिसरी. तेच. ताईची फांदी माझ्या फांदीवर चढलेली, खाली माझी मेलेली, आणि मध्ये पांढरा पट्टा. पाण्याखालीसुद्धा माझ्या मनात आलं, ही ताईचीच शोभते खरी.

शेवटच्या चौकटीवर ताईच्या फांद्या संपल्या होत्या. ती स्वयंपाकाला म्हणून लवकर गेली होती आणि उरलेल्या जागी मी माझ्याच दोन-तीन फांद्या खेटून बांधल्या होत्या. त्यांच्यामध्ये पांढरं नव्हतं. मी बोटानं सांधा शोधला. सांधाच नव्हता. दोन काळ्या दोऱ्या दिसत होत्या, फांदी मात्र एकच झाली होती.

धक्क्याच्या टोकाला फोनला रेंज येते. ओल्या सारोंगनं तिथे पळत गेले आणि पाक यूस्रानना फोन लावला.

"पाक, एक विचारायचंय. ओरडू नका."

"अशी सुरुवात केली की मला आधीच घाम फुटतो. विचारा."

मी सगळं सांगितलं. 

"वीतभर जागा सोडा म्हणालो होतो मी," ते म्हणाले.

"म्हणाला होतात."

"तुम्ही हसला होता."

"ताई हसली होती. मी आपली साथ दिली. पण पाक, एकाच जातीचं आहे ना ते?"

"जात एक आहे, जीव वेगळे आहेत. तुम्ही पूर्वेच्या कडेवरून आणलेल्या सगळ्या फांद्या म्हणजे एकच प्राणी. त्याला स्वतःची फांदी भेटली की ओळखतो आणि जुळून जातो. तुमच्या ताईंच्या खडकावरचा दुसरा. तो भेटला की हा पोटातले धागे बाहेर काढतो आणि त्याला जिवंतपणीच पचवायला लागतो."

"आणि तो?"

"तो काय गप्प बसतो? तोही तेच करतो. ज्याचा जोर जास्त तो वर चढतो. म्हणून तर वीत."

"म्हणजे औषध नाही?"

"औषध दोऱ्यांचे रंग बघून लागतं का?"

मी फोन ठेवला.  तो माझा नवरा होता, खरं बोलला होता, कुठेही जाणार नव्हता. मी पण कुठे जाणार नव्हते.

ताईला समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, म्हणून समजावलंच नाही. शुक्रवारी उजाडताच तिला होडीत घातलं.

"कुठे नेतेस मला? नमाजीच्या आधी आंघोळ करायचीय."

"समुद्रातच कर."

ती खाली गेली आणि बराच वेळ वर येईना. ताईचा दम मोठा, तरी मला काळजी वाटली. वर आली, तोंडातलं पाणी थुंकलं, पुन्हा गेली. ती शेवटच्या चौकटीपाशी माझ्या जुळलेल्या फांदीवरून बोट फिरवताना मला वरून दिसत होतं. मग होडीची कड धरून ती नुसती तरंगत राहिली.

"सुरुवात तुझ्या फांदीनंच केली असणार," ती म्हणाली.

"ताई!"

"बरं बरं." तिनं डोळे पुसले. ते समुद्राचं पाणी होतं की काय, मी विचारलं नाही. "अगं, मी त्याला चोर म्हणाले. सगळ्या गावासमोर."

"म्हणालीस."

"मग आता सगळ्या गावासमोर त्याच्या घरी जेवण घेऊन जायला लागणार."

आणि ती गेली. उन्हं वर आली तेव्हा डोक्यावर कासुआमीची, साबुकंदाचा कीस उकडून केलेल्या ढेपांची, वाफाळती टोपली घेऊन ती फळीवरून आली, मुद्दाम सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. मध्ये थांबून पोरांना दोन शिव्याही घातल्या. रुस्दीन ओट्यावर गळाची दोरी गुंडाळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"रुस्दीन, कासुआमी आणलीय. गरम आहे."

"औषध नाही ना घातलंत ताई?"

ताईनं टोपली खाली ठेवली आणि फसकन हसली. तोही हसला. समोरची म्हातारीसुद्धा हसली.  मी आत जाऊन मासे आणि मिरचीचा ठेचा आणला. तिघं टोपलीभोवती बसलो.

"चुकले मी," ताई म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. "आमच्या फांद्याच एकमेकींना खात होत्या. गावप्रमुखाला आता जाऊन तेच सांगणार आहे. पण खरं श्रेय तुझ्या बायकोचं. मी नुसती बोंबलत होते. हिनं तोंडातून शब्द काढला नाही. बुधवारी एकटी जाऊन बघून आली, काल पुन्हा गेली. फांदी न् फांदी तपासली हो हिनं. तुझ्यासाठी."

रुस्दीननं कासुआमीचा तुकडा मोडला होता. तो तसाच हातात राहिला.

"तू बघायला गेली होतीस?" त्यानं मला विचारलं.

"हो."

"बुधवारी? मी बाजाराला गेलो तेव्हा?"

मी हो म्हणाले. पिंजऱ्याची सैल गाठ त्याला तेव्हाच आठवली असावी, कारण त्यानं खाली होडीकडे बघितलं आणि मग माझ्या हातांकडे.

"मला सोडवायला गेली होतीस की पकडायला?"

तुला सोडवायला, असं म्हणायला हवं होतं. ताईनं तर ते आधीच म्हणून ठेवलं होतं, मला नुसती मान हलवायची होती. पण तो माझ्या डोळ्यांत बघत होता आणि मला पुन्हा खोटं बोलवेना.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

त्यानं हातातला तुकडा ताईच्या पुढ्यात ठेवला आणि उठला. गळाची दोरी खांद्यावर टाकली. शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहून बोलला तो ताईशी.

"ताई, तुम्ही आळ घेतलात तो माझ्या तोंडावर घेतलात. मला भांडता तरी आलं."

होडी सुटली. इंजिनाचा आवाज टोकाआड जाईपर्यंत मी तिथेच बसून होते.

"आता ह्याला काय झालं?" ताई म्हणाली आणि कासुआमी खायला लागली.